ड्रोन फवारणीसाठी गावाचे नियम काय असावेत? मसुदा चर्चेसाठी (तासगाव-मिरज पट्टा)

वेलीखालून (धागाकर्ता)

फळछाटण्या तोंडावर आल्यात. छाटणीनंतर परतीचा पाऊस लागला की काळ्या रानात ट्रॅक्टर जात नाही, ब्लोअर (ट्रॅक्टरचं फवारणी यंत्र) बांधावर उभा राहतो आणि पोंगा (कोंब फुटणं) ते फुलोरा या नाजूक दिवसांत बाग डाऊनीच्या (केवडा रोगाच्या) तावडीत जाते. अशा वेळी चिखलात न उतरता दहा मिनिटांत एकर मारून देणारा ड्रोन गावात हवाच, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण आज गावात कोण आला, कुठल्या गटात काय मारून गेला, वारा कुठला होता, याची कसलीही नोंद राहत नाही. आपल्याकडं एका बांधाला द्राक्ष, दुसऱ्या बांधाला ऊस, पलीकडं शेततळं नाहीतर बेदाण्याचं शेड. पंपानं मारताना चुकलं तर चूक आपल्याच रानात राहायची. ड्रोननं चुकलं तर ती शेजाऱ्याच्या रानात जाते.

ग्रामसभेपुढं ठेवायचा कच्चा मसुदा असा आहे:

१. फवारणीच्या २४ तास आधी ग्रामपंचायतीत आणि चारी बांधांच्या शेतकऱ्यांना गट नंबर, औषध आणि वेळ कळवायची.
२. पायलटचं प्रमाणपत्र, ड्रोनचा नोंदणी क्रमांक आणि विमा यांच्या प्रती पंचायतीत जमा करायच्या.
३. वारा ताशी १० किलोमीटरच्या वर गेला की काम थांबवायचं.
४. ड्रोननं तणनाशक मारायचं नाही.
५. नुकसान झालं तर ४८ तासांत पंचनामा.

ज्यांना यातलं कळतं त्यांनी खोडावं, भर घालावी. नुसतं "छान उपक्रम" नको.

कृष्णाकाठ

दादा, पहिले दोन मुद्दे तुम्ही गावाचे नियम म्हणून लिहिलेत, पण ते आधीपासूनच कायद्यात आहेत. मसुद्यात तसंच लिहा, म्हणजे "पंचायतीला काय अधिकार" हा वाद होणार नाही.

इथं दोन वेगळे कायदे लागतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. आकाश, यंत्र आणि पायलट यांच्यासाठी २०२१ चे ड्रोन नियम आहेत. औषधासाठी कीटकनाशक कायदा १९६८ आणि त्याखालचे १९७१ चे नियम. त्यातला नियम ४३ हवाई फवारणीचा आहे: क्षेत्र खुणा करून आखायचं, लोकांना किमान २४ तास आधी कळवायचं, संबंध नसलेली माणसं आणि जनावरं ठरावीक काळ त्या भागात येऊ द्यायची नाहीत, आणि पायलटला औषधाच्या विषबाधेची लक्षणं कळतील असं प्रशिक्षण हवं. हा नियम विमान-हेलिकॉप्टरच्या काळातला. केंद्रीय कृषी मंत्रालयानं डिसेंबर २०२१ मध्ये ड्रोन फवारणीची कार्यपद्धती काढली, ती याच धर्तीवर आहे.

ड्रोनचा वर्ग वजनावर ठरतो, आणि वजन भरलेल्या टाकीसकट धरायचं. २ ते २५ किलो म्हणजे स्मॉल, २५ ते १५० म्हणजे मीडियम. दहा लिटरची बहुतेक यंत्रं भरून २५ किलोच्या आत बसतात. सोळा लिटरची टाकी लावली की बरीच यंत्रं वर जातात, मग स्मॉलचं प्रमाणपत्र असलेल्या पायलटनं ते उडवणं बेकायदा ठरतं. प्रती जमा करून घेताना हे ताडून बघणारा माणूस पंचायतीत हवा, नुसती फाईल भरून उपयोग नाही. फेब्रुवारी २०२२ पासून पायलटचं लायसन्स ही भानगड गेली आणि मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थेचं रिमोट पायलट प्रमाणपत्र आलं. वय १८ ते ६५, दहावी पास, मुदत दहा वर्षं. नियम मोडले तर एक लाखापर्यंत दंड आहे.

थर्ड पार्टी विमा नॅनो (सगळ्यात छोटे ड्रोन) सोडून सगळ्यांना बंधनकारक आहे. मात्र पॉलिसीत फवाऱ्यामुळं शेजारच्या पिकाचं झालेलं नुकसान धरलंय का, ते कलम वाचून घ्या. ड्रोन डोक्यात पडला तर भरपाई आणि औषध उडालं तर नाही, अशी पॉलिसी आपल्या कामाची नाही.

उंचीची चिंता नको. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही आणि आपण दोन-तीन मीटरवर उडतो. पण क्षेत्र हिरवं आहे का, हे डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलच्या नकाशावर त्या दिवशी बघायचं. कराड विमानतळाच्या आसपासच्या गावांनी आणि कोयना धरणाच्या बाजूच्या लोकांनी तर नक्कीच.

थेंबमोजणी

मुद्दा ३ अपुरा आहे. वाऱ्याचा वेग सांगितला, थेंबाचा आकार आणि उंची सांगितली नाही. तिन्ही मिळून ड्रिफ्ट, म्हणजे औषध वाऱ्यानं किती लांब वाहतं, ते ठरतं.

साधा हिशोब बघा. २ मीटर उंचीवरून सुटलेला थेंब, वारा सेकंदाला ३ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ११ किलोमीटर:

२०० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब सेकंदाला साधारण ०.७ मीटर खाली येतो. तीन सेकंदांत टेकतो, ८-९ मीटर वाहतो.
१०० मायक्रॉनचा सेकंदाला ०.२७ मीटर येतो. साडेसात सेकंद लागतात, २२ मीटर वाहतो.
५० मायक्रॉनचा २७ सेकंद हवेत राहतो, ८० मीटर जातो. वाटेत पाणी उडून तो आणखी बारीक होतो, त्यामुळं प्रत्यक्षात तो कुठं उतरेल याचा नेम नाही.

पंख्यांचा खालचा झोत मधल्या थेंबांना दाबतो, पण कडेच्या पंख्यांच्या टोकाशी हवा वर वळते आणि बारीक थेंब तिथूनच निसटतात. उंची २ ची ३ मीटर केली की वरचे सगळे आकडे दीडपट धरा. म्हणून नियमात तीन गोष्टी एकत्र लिहा: पिकाच्या शेंड्यापासून उंची २ मीटर, फार तर अडीच, थेंब मध्यम, २०० ते ३०० मायक्रॉन, वारा सेकंदाला ३ मीटरच्या आत. फिरत्या चकतीचं नोझल असेल तर ॲपमध्ये मायक्रॉन निवडता येतात आणि "चांगलं कव्हरेज" म्हणून बरेच जण १०० च्या खाली नेतात. तिथंच घात होतो.

आणखी एक. वारा अजिबात नसणं हेही धोक्याचं आहे. थंडीत कृष्णाकाठी पहाटे धुकं बसतं, तेव्हा जमिनीलगतची हवा गार आणि वरची ऊबदार असते. बारीक थेंब खाली बसत नाहीत, थर करून तरंगतात आणि नंतर हवेची झुळूक येईल तिकडं एकगठ्ठा सरकतात. ओळखायचं कसं? बांधावर थोडा पाला पेटवून धूर करा. धूर वर जाऊन विरला तर उडवा. डोक्याच्या उंचीवर आडवा पसरून थांबला तर ऊन पडेपर्यंत थांबा. गालाला वारा जाणवतोय, पानं सळसळतायत पण फांद्या हलत नाहीत, ही फवारणीची योग्य वेळ.

बेदाणा_शेड

तणनाशकाचा मुद्दा ४ ठेवाच, कुणी काहीही म्हणो. उसात टू फोर डी हे तणनाशक मारलं आणि वारा द्राक्षाकडं असला की पुढच्या काही दिवसांत कोवळी पानं पंख्यासारखी आखडतात, शिरा एकमेकींना समांतर दिसायला लागतात, कडा दातेरी होतात. द्राक्षाइतकं या औषधाला नाजूक पीक दुसरं क्वचितच. फुलोऱ्यात गेलं तर मणी धरत नाहीत.

दुसरं म्हणजे शेडं. फेब्रुवारी ते एप्रिल जाळीवर माल वाळत असतो, चारी बाजूंनी उघडा. त्यावर औषधाचा तुषार बसला तर तो धुता येत नाही. आणि निर्यातीच्या बागेचं तर विचारूच नका. युरोपात ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला सरसकट ०.०१ मिलिग्रॅम प्रति किलो लागते. म्हणजे टनभर द्राक्षात १० मिलिग्रॅम. २०१० साली क्लोरमेक्वाट, म्हणजे वेलीची वाढ रोखायचं आपलं लिहोसिन, सापडल्यावर कंटेनर कसे अडकले हे या पट्ट्याला सांगायला नको. तेव्हा ते आपणच मारलेलं होतं. आता शेजाऱ्यानं मारलेलं आपल्या नमुन्यात निघालं तर बागायतदार प्रयोगशाळेत काय सांगणार? माझं मत: शेड आणि निर्यात नोंदणीची बाग यांच्या शंभर मीटरच्या आत ड्रोन नकोच.

सोयाबीन_वाळवा

शंभर मीटर सरसकट ठेवले तर आमच्या भागात एकही गट उरणार नाही, दादा. शेतंच मुळात ४०-५० मीटर रुंद आहेत. थेंबमोजणींचे आकडे धरून वाऱ्याच्या दिशेनं अंतर ठेवा: वारा ज्या बाजूला जातोय तिकडं जास्त, ज्या बाजूनं येतोय तिकडं नाममात्र.

आणि सगळी चर्चा द्राक्षावर चाललीय, पण ड्रोनचा खरा उपयोग सोयाबीन आणि उसाला आहे. वाळवा, मिरज, कराड हा सगळा तांबेऱ्याचा (पानांवरच्या बुरशी रोगाचा) पट्टा. कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रानं फुले अग्रणी, फुले संगम, फुले किमया हे वाण दिले, त्यामागं तांबेरा हे मोठं कारण. साठ दिवसांनंतर सोयाबीन दाटलं की आत माणूस शिरत नाही, शिरला तर झाडं मोडतात. आठ-नऊ फूट उसावर तांबेरा नाहीतर पोक्का बोईंग हा शेंड्याचा रोग आला तर पंपवाला करणार तरी काय?

इथं सगळ्यात मोठी चूक मात्रेची होते, आणि ती नियमात आलीच पाहिजे. आपली सगळी सवय "लिटरला इतके मिली" अशी. सोयाबीनच्या तांबेऱ्याला प्रोपिकोनाझोल २५ ईसी लिटरला १ मिली. पंपानं एकरी २०० लिटर पाणी लागतं, म्हणजे एकरी २०० मिली औषध. ड्रोनला एकरी पाणी १० लिटर. औषध तरीही २०० मिलीच. लिटरच्या हिशोबानं १० मिली टाकून उडवलं तर विसावा हिस्सा औषध पडतं, रोग हटत नाही आणि वर "ड्रोन कामाचा नाही" अशी बोंब होते. उलटही होतं: दोन टाक्या मारायच्या म्हणून प्रत्येक टाकीत २०० मिली. म्हणून नोंदीत "लिटरला किती" हा रकानाच नको. एकरी मात्रा, एकरी पाणी, एवढंच.

तांबेरा खालच्या पानांपासून वर चढतो. वरून मारलेलं वरच्या पानांवर थांबतं. दाट सोयाबीनमध्ये वेग सेकंदाला ३ मीटरवर आणा, पाणी १२ लिटरपर्यंत वाढवा आणि पहिले ठिपके दिसताच मारा. पान पिवळं पडायला लागल्यावर कुठलंच यंत्र उपयोगाचं नाही.

ड्रोनताई

बचत गटाचा ड्रोन चालवणाऱ्यांच्या बाजूनं लिहिते. नमो ड्रोन दीदी योजनेत ८० टक्के, कमाल ८ लाख अनुदान आहे आणि पंधरा दिवसांचं प्रशिक्षण: पाच दिवस उडवायचं, दहा दिवस शेतीतली फवारणी. दहा दिवसांत डाऊनी आणि भुरीतला फरक कळेल, कुठलं औषध कशात मिसळत नाही हे सगळं कळणार नाही. त्यामुळं औषधाची निवड पायलटवर टाकू नका. चिठ्ठी शेतकऱ्यानं द्यायची, सहीसह. पायलटनं ती लेबलाशी ताडून बघायची आणि लेबलात बसत नसेल तर नकार द्यायचा. नकार देण्याचा हक्क नियमात लिहा. आज नकार दिला की शेतकरी दुसऱ्याला बोलावतो.

कॅलिब्रेशनचं सांगते, कारण नव्वद टक्के तक्रारींचं मूळ तिथं असतं. प्रवाहाचं गणित:

मिनिटाला लिटर = एकरी लिटर × वेग × पट्ट्याची रुंदी × ६० ÷ ४०४७

एकरी १० लिटर, वेग ४ मीटर, पट्टा ४ मीटर धरला तर मिनिटाला २.३७ लिटर. चार नोझल असतील तर प्रत्येकी ०.५९ लिटर. ड्रोन जमिनीवर ठेवून, पंखे बंद, नुसता पंप चालू करून प्रत्येक नोझलखाली मोजपात्र धरा. ३० सेकंदांत साधारण २९५ मिली पडायला हवं. एखादं २६५ च्या खाली किंवा ३२५ च्या वर गेलं तर आधी साफ करा, तरीही तेच तर बदला. प्रवाह तोच ठेवून कुणी वेग ५ केला की एकरी ८ लिटरच पडतं, म्हणजे औषध पाचवा हिस्सा कमी.

पट्ट्याची रुंदीही तशीच. खरी ४ मीटर असताना ॲपमध्ये ५ टाकली की एकर लवकर उरकतो. आठवड्यानं बागेत रोगाचे सरळ पट्टे उठतात: एक हिरवा, एक पिवळट. असे पट्टे दिसले तर औषधाला दोष देऊ नका.

आता अडचणी. २४ तासांची नोटीस द्राक्षाला कशी पाळायची? पाऊस रात्री दोनला थांबतो आणि सकाळी सातला मारावं लागतं.

आणि द्राक्षाच्या मांडवाखाली किंवा मांडवाला लागून ड्रोन उठवायला सांगू नका. लोखंडी अँगल आणि तारांमुळं कंपास बिघडतो, ड्रोन उठताच गरगरतो. मोकळ्या जागी, अँगलपासून चांगला लांब, ताडपत्री अंथरून. मोटारींच्या तारा आणि ११ केव्हीची लाईन यांची जागा आधी पायी फिरून नकाशावर टाकायची. झाडात लपलेली सर्व्हिस वायर रडारला दरवेळी दिसतेच असं नाही.

कृष्णाकाठ

ताई, नोटिशीवर उपाय आहे. नियम "किमान २४ तास आधी" म्हणतो, मिनिटागणिक वेळ ठरवा असं म्हणत नाही. छाटणी झाली की शेतकऱ्यानं पुढच्या सात दिवसांची सूचना द्यायची: "गट अमुक, हवामान मिळेल त्या दिवशी सकाळी सात ते दहा किंवा संध्याकाळी चार ते सहा, औषधं या यादीतली." मग प्रत्यक्ष उडवण्याच्या दोन तास आधी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पक्की वेळ. सात दिवस संपले की नवी सूचना. यानं कायदाही पाळला जातो आणि डाऊनीही सुटत नाही. चारी बांधांवरच्यांची पोच मात्र हवी. ग्रुपवर निळी खूण आली म्हणजे पोच नव्हे. मधमाश्यांच्या पेट्या आणि रेशीमवाल्यांची तुतीची रानं आधीच यादीत घ्या. तुतीच्या पानावर कीटकनाशकाचा अंश गेला तर सगळी बॅच मरते.

औषधाच्या मंजुरीबद्दलही लिहा. १८ एप्रिल २०२२ ला केंद्रानं आधीच नोंदणी असलेल्या ४७७ कीडनाशकांना ड्रोनसाठी दोन वर्षांची अंतरिम मंजुरी दिली होती. ती कायमची नव्हती. त्यामुळं "मागच्या वर्षी चाललं होतं" हे उत्तर धरू नका, प्रत्येक हंगामाला कृषी अधिकाऱ्यांकडून चालू यादी घेऊन पंचायतीच्या फलकावर लावा. एप्रिल २०२३ मध्ये पिकवार कार्यपद्धती निघाल्या, त्यात ऊस, सोयाबीन, भात, कापूस, तूर अशी दहा पिकं आहेत. द्राक्ष नाही. म्हणजे ज्या पिकासाठी आपण एवढा खल करतोय, त्याला सरकारी कोष्टक तयार मिळणार नाही. गावानं स्वतःचं ठरवलं नाही तर प्रत्येक पायलट आपापलं ठरवणार.

थेंबमोजणी

द्राक्षाबद्दल स्पष्ट बोलू. डाऊनीची बुरशी पानाच्या खालच्या बाजूनं शिरते आणि तिथंच पांढरी वाढ दिसते. ड्रोन वरून मारतो. छाटणीनंतर १० ते ३० दिवस छत्री विरळ असते, पंख्यांच्या झोतानं पानं उलटीपालटी होतात आणि खालच्या बाजूलाही बऱ्यापैकी थेंब बसतात. पंचेचाळीस दिवसांनंतर मांडव भरला की वरचं पान छप्पर होतं आणि घड त्याच्या खाली लटकतात. तिथं ड्रोननं मारलेलं मँकोझेब घडापर्यंत पोचलं असं समजणं म्हणजे स्वतःला फसवणं. मँकोझेब किंवा तांबं जिथं पडतं तिथंच काम करतं. वाय पद्धतीत (इंग्रजी Y आकाराच्या आधारावर वेली) परिस्थिती किंचित बरी, पण आतली बाजू कोरडीच.

म्हणून माझा आग्रह असा: द्राक्षात ड्रोन फळछाटणीनंतर ३०-३५ दिवसांपर्यंत, तेही चिखलामुळं ब्लोअर जात नाही तेव्हा, आणि पानात शिरणाऱ्या औषधासाठी. रान वाफशाला आलं की लगेच ब्लोअरनं खालून-आतून एक फेरी. सतत अर्धवट मात्रा पडली तर बुरशी त्या औषधाला सरावते. स्ट्रॉबिल्युरिन गटाचं डाऊनीच्या बाबतीत तेच झालंय.

वाद मिटवायचा तर पाणी-संवेदी कागद वापरा. पिवळा कागद, थेंब पडला की निळा डाग. वरच्या पानावर, मध्ये आणि पानाच्या खाली उलटा, असे तीन ठिकाणी टाचा, साध्या पाण्यानं एक फेरी मारा. स्पर्शजन्य बुरशीनाशकाला चौरस सेंटिमीटरला ५० ते ७० थेंब हवेत, कीटकनाशकाला २० ते ३० चालतात. मोबाईलनं फोटो काढून मोठा करून मोजता येतं. शेजाऱ्याच्या बांधावर १०, २० आणि ३० मीटरला एकेक कागद लावा, मग बफर, म्हणजे मोकळा सोडायचा पट्टा, किती हवा ते कागदच सांगेल. कागदाला ओला हात लावू नका आणि दव असताना लावू नका, सगळाच निळा होतो.

सोयाबीन_वाळवा

मिश्रणावर कुणी बोललं नाही. ड्रोनच्या टाकीत सगळं वीसपट घट्ट असतं, त्यामुळं पंपात निमूट मिसळणारी औषधं इथं फाटतात. मँकोझेब ७५ डब्ल्यूपी एकरी ६०० ग्रॅम दहा लिटरमध्ये टाकलं की पातळ पिठल्यासारखं होतं. बऱ्याच ड्रोनच्या टाकीत ढवळणी नसते, पावडर तळाला बसते, पहिल्या अर्ध्या एकरात घट्ट जातं, नंतर फिल्टर तुंबतो. बोर्डो मिश्रण तर टाकूच नका. चुन्याचा गाळ नोझल खातो आणि पंपाचं नुकसान करतो. शक्य तिथं एससी किंवा एसएल स्वरूपाचं (पातळ, पावडर नसलेलं) औषध घ्या.

आधी बाटलीत बघा. दहा लिटरला २०० मिली हे प्रमाण म्हणजे अर्ध्या लिटरला १० मिली. पारदर्शक बाटलीत ज्या पाण्यानं मारणार त्याच पाण्यात, त्याच क्रमानं मिसळा आणि अर्धा तास ठेवा. दही झालं, तळाला घट्ट बसलं, बाटली गरम झाली तर ते मिश्रण रद्द. क्रम: अर्धी टाकी पाणी, आधी बादलीत कालवलेली पावडर किंवा दाणेदार, मग एससी, मग ईसी (तेलकट, पाण्यात दुधाळ होणारं), शेवटी एसएल आणि स्टिकर. एका टाकीत दोनपेक्षा जास्त औषधं नकोत. फोसेटिल आणि तांबं एकत्र कधीच नको, घट्ट द्रावणात तर पानं हमखास जळतात. ईसी औषध भर उन्हात कोवळ्या घडावर पडलं तर मण्यांवर डाग येतात.

कोरेगावकर

आमच्या आल्याच्या पट्ट्यातून एक छोटी सूचना. कंदकूज जमिनीतली आहे, तिला आळवणीच (मुळाशी औषध ओतणं) लागते. ड्रोनवाले "आल्यावर पण मारतो" म्हणून घेतात आणि शेतकऱ्याचे पैसे जातात. पानावरचा करपा असेल तरच ड्रोन. कुठल्या रोगाला ड्रोन चालतच नाही याची एक ओळ नियमात टाका.

बेदाणा_शेड

शंभर मीटरचा हट्ट सोडतो, पण दोन अटींवर. टू फोर डी सारखी तणनाशकं ड्रोननं कुठंच नकोत, बफर असो वा नसो. आणि शेडात माल असेल तेव्हा वारा शेडाकडं असला तर ड्रोन उठूच नये.

पंचनाम्यात काय लिहायचं तेही ठरवा. नुसतं "पिकाचं नुकसान दिसून आलं" या वाक्यावर कुणालाच भरपाई मिळत नाही. बांधापासून किती ओळींपर्यंत लक्षणं आहेत, कुठं जास्त, कुठं कमी, हे ओळीनुसार लिहायला हवं. ड्रिफ्ट असेल तर बांधाला जास्त आणि आत कमी होत जातं. रोग किंवा अन्नद्रव्याची कमतरता असेल तर असा उतार दिसत नाही. ४८ तास टू फोर डी ला पुरत नाहीत, लक्षणं उशिरा उठतात. तक्रारीला पंधरा दिवसांची मुदत ठेवा.

ड्रोनताई

याच्याशी सहमत, आणि पायलटचा जीव वाचवणारी एक गोष्ट सांगते: उड्डाणाचा लॉग. ड्रोन कुठून कुठं गेला, किती उंचीवर, किती वेगानं, पंप कुठं चालू कुठं बंद, सगळं वेळेसकट यंत्रात साठतं. ती फाईल आणि नकाशाचा फोटो त्याच दिवशी शेतकऱ्याला आणि पंचायतीच्या नोंदणीला पाठवायचा. वाऱ्याचा वेग हातातल्या मीटरवर बघून सुरुवातीला आणि शेवटी लिहायचा. लॉग नाही तर भाडं नाही, असा नियम करा. प्रामाणिक पायलटला याचा त्रास नाही. खोटी तक्रार झाली तर तोच त्याचा पुरावा.

मिसळणाऱ्या माणसाचाही विचार करा. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. ड्रोननं माणूस तुषारातून बाहेर काढला हे खरं, पण टाकी भरणारा आता वीसपट घट्ट द्रावण हाताळतो. नायट्राईलचे हातमोजे, ॲप्रन, चष्मा, मास्क, बांधावर साबण आणि वीस लिटर स्वच्छ पाणी. हे नसेल तर पायलटनं टाकी भरू देऊ नये.

वेलीखालून

सगळ्यांचं धरून मसुदा पुन्हा लिहिलाय. ग्रामसभेत हाच वाचणार:

हंगामाच्या सुरुवातीला पायलट प्रमाणपत्र, नोंदणी क्रमांक, भरलेल्या टाकीसह वजन आणि विम्याची प्रत पंचायतीत. वर्ग जुळतो का हे पंचायतीनं तपासायचं. छाटणीनंतर सात दिवसांची सूचना, चारी बांधांची सहीची पोच, उडवण्याआधी दोन तास पक्की वेळ. शेतकऱ्याची सहीची चिठ्ठी: पीक, रोग, औषध, एकरी मात्रा, एकरी पाणी, काढणीआधी किती दिवस फवारणी बंद. लेबलात बसत नसेल तर पायलटला नकाराचा हक्क.

उंची पिकापासून २ ते अडीच मीटर, थेंब २०० ते ३०० मायक्रॉन, वारा सेकंदाला १ ते ३ मीटर, धूर आडवा थांबत असेल तर उड्डाण नाही. वारा जातो त्या बाजूला ३० मीटर मोकळे. तो पट्टा शेतकऱ्यानं पंपानं मारायचा. विहीर, शेततळं, ओढा, मधमाश्यांच्या पेट्या, तुती आणि माल असलेलं शेड यांच्याकडं वारा असेल तर काम बंद.

तणनाशक ड्रोननं नाही. बोर्डो नाही. कंदकूज, मूळकूज यांना ड्रोन नाही. द्राक्षात छाटणीपासून ३५ दिवसांपर्यंतच.

उड्डाणाचा लॉग आणि वाऱ्याची नोंद त्याच दिवशी, त्याशिवाय भाडं द्यायचं नाही. तक्रार पंधरा दिवसांत. पंचनामा कृषी सहायक, पंचायतीचा एक सदस्य आणि दोन्ही शेतकरी यांच्यासमोर, ओळीनुसार.

३० मीटर हा आकडा थेंबमोजणींच्या हिशोबातून घेतलाय. पाण्यानं चाचणी घेऊन कागदावर काय येतं ते बघून तो कमी-जास्त करू.

कोरेगावकर

टाकी धुतलेलं पाणी कुठं टाकायचं ते राहिलं.

ड्रोनताई

बरोबर, ते मोठं राहिलंय. काम संपल्यावर टाकीत आणि नळ्यांत पावशेर-अर्धा लिटर द्रावण उरतं. दोन लिटर पाणी घाला, हलवा, त्याच शेतात जिथं मारलं तिथंच पंप चालू करून उडवून टाका. असं तीनदा. तिसऱ्यांदा नोझल आणि फिल्टर काढून वेगळे धुवा. ओढ्याच्या काठावर किंवा विहिरीच्या थाळ्यावर ड्रोन धुणाऱ्याला पुन्हा गावात घेऊ नका. रिकाम्या बाटल्याही तीनदा खळखळून ते पाणी टाकीतच ओतायचं, मग बाटलीला भोक पाडून गोळा करायची. आदल्या दिवशी दुसरीकडं तणनाशक मारून आलेला ड्रोन असेल तर नुसत्या पाण्यानं भागत नाही. नळ्यांत राहिलेला टू फोर डी चा अंश द्राक्षाला पुरेसा असतो. टाकी, नळ्या, फिल्टरचा संच वेगळाच हवा. हीसुद्धा ओळ मसुद्यात घ्या.

वेलीखालून

घेतली. "तणनाशकासाठी वापरलेली टाकी आणि नळ्या गावात आणायच्या नाहीत" असं स्पष्ट लिहिलंय. पाण्याची चाचणी येत्या रविवारी सकाळी सातला, मांडवाच्या दोन एकरांत आणि शेजारच्या सोयाबीनमध्ये. कागद ४० लागतील: आत २४, बांधापलीकडं १६. निकालाचे फोटो इथंच टाकतो.